इनबा-नुमाचे सहा खोटे रविवार

प्रिय भास्कर काका,

आज मी इनबा-नुमाला जाऊन आलो. एकटा. आयुष्यात पहिल्यांदा एकटा.

‘पहिल्यांदा?’ म्हणून तुम्ही चष्म्यावरून बघाल. कारण माझ्या सांगण्याप्रमाणे मी या उन्हाळ्यात सहा रविवार एकट्याने त्या तळ्यावर गेलो होतो. नाही काका. एकदाही गेलो नव्हतो. तुम्ही हॉस्पिटलात होतात, आणि मी दर रविवारी फोनवर तुम्हाला जे सांगितलं, तो वारा, ते पाणी, तो उसळलेला बास मासा, सगळं खोटं होतं.

हे तुम्ही असताना सांगायचं होतं. आता लिहितोय, कारण तुमची या वर्षाची वही तीन आठवडे माझ्या कपाटात पडून होती आणि ती उघडायचा धीर मला आजपर्यंत झाला नव्हता. माझी सहा खोटी सांगणी तुम्ही त्यात उतरवून घेतली असणार, याची मला खात्री होती.

वही मुग्धाताईने दिली. ओजिमाचं तुमचं घर रिकामं करायला ती ओसाकाहून आली होती. मी मदतीला गेलो. तुमच्या लेकीला कोणता कचरा कोणत्या पिशवीत जातो हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी ती प्रत्येक वस्तू हातात धरून मला विचारत होती, ‘‘हे टाकायचं?’’ तिला एकटीला ठरवायचं नव्हतं, एवढंच. शेवटी तिने गळाच्या रॉडची पिशवी, ल्यूरची म्हणजे खोट्या आमिषांची पेटी आणि ती निळी वही माझ्यापुढे ठेवली. मला ती जपानी पद्धतीने ‘कुन’ लावते, धाकट्या भावासारखं.

‘‘बाबा म्हणाले, हे पराग-कुनला. मला मासा म्हणजे... ईsss. तू घे, हं?’’

मग कुलूप लावताना म्हणाली, ‘‘नर्स सांगत होत्या, संडेला बाबा फोनवर खूप हसायचे. तू काय सांगायचास?’’

मी म्हणालो, ‘‘माशांचं.’’

काका, त्या वेळी जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

तुम्हाला आठवतं, आपली ओळख कशी झाली? फुनाबोरीच्या हॉलमध्ये गणपती होता. मी जपानात येऊन चार महिने झाले होते. जो भेटेल तो विचारायचा, ‘‘कुठल्या कंपनीत?’’ मी सांगायचो, बायको मृणाल आयटीत आहे, मी तिच्या व्हिसावर. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्याकडे मिसेस डिपेंडंट, तुमच्याकडे मिस्टर डिपेंडंट! मग आज भाजी काय केलीत?’’ सगळे हसले. मीही हसलो. मग बाहेर जाऊन चपलांच्या जोड्या नीट लावत बसलो.

तुम्ही तिथे आलात. कार्यक्रमाचा फलक दाखवून विचारलंत, ‘‘हे कुणी लिहिलं? चक्क एकही चूक नाही!’’

‘‘मी, काका.’’

‘‘शिक्षण?’’

‘‘डिप्लोमा. म्हणजे अर्धा. दुसऱ्या वर्षाला सोडला.’’

‘‘शिक्षण अर्धं असेना, अक्षर पूर्ण आहे. रविवारी काय करतोस?’’

मी खरं ते सांगितलं की काही करत नाही. सोमवार ते शुक्रवार किराणा दुकानात डाळींची पाकिटं भरतो, शनिवारी घर पुसतो आणि रविवारी सोमवारची काळजी करतो. तुम्ही एवढे हसलात की आतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं.

आधी तुम्ही मला मासे दाखवलेच नाहीत. वह्या दाखवल्यात. बावीस वर्षांच्या. दर रविवारची एक ओळ: वेळ, जागा, वारा, पाण्याचं तापमान, ल्यूर, निकाल. शाई उडायला लागली होती म्हणून तुम्हाला सगळं नव्याने उतरवून हवं होतं. मी आठ महिने उतरवत होतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, एक ओळ लिहायची, दोनदा ताडून बघायची. तुम्ही चहा करायचात आणि तो नेहमी गार व्हायचा.

मी एकदा विचारलं होतं, ‘‘काका, इतक्या ठिकाणी ‘निकाल: काही नाही’ आहे. हे गाळलं तर चालेल का?’’

तुम्ही जवळजवळ ओरडलात. ‘‘तेच तर खरं आहे! प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली मी. काही झालं नाही हेही लिहायचं, आणि जागेवर लिहायचं, काठ सोडायच्या आधी. घरी येऊन लिहिलं की मासा फुगतो. या बावीस वर्षांत एक ओळ खोटी नाही, समजलं? एक जरी घुसली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?’’

हे वाक्य मला तीन आठवडे झोपू देत नव्हतं.

मग तुमच्या त्या पिवळ्या नंबरप्लेटच्या छोट्या गाडीतून पहिला रविवार. अंधारात निघायचं, उजाडायच्या आत पोचायचं. मला वाटायचं, मासे धरायचे म्हणजे तळाशी गळ सोडून बसायचं. तुम्ही म्हणालात, ‘‘ते दुसरे लोक. आपण पाण्याच्या वर खेळायचं. मासा लागणं दुय्यम, तो उठताना दिसला पाहिजे.’’ आणि तुम्ही शिकवलंत: पाणी अठरा अंशांच्या वर गेल्याशिवाय तरंगत्या ल्यूरची पेटी उघडायची नाही. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आधी आणि मावळल्यावर. आभाळ भरलेलं असेल तर दिवसभर. ऊन चढलं की पुलाखालची सावली. पाणी आरशासारखं असेल तर पॉपर, म्हणजे तोंडाला खळगा असलेलं ते बुटकं ल्यूर. दोरीला झटका दिला की ‘पॉक्’ करून पाणी उडवणारं. पाण्यावर बारीक सुरकुत्या असतील तर लांबट ल्यूर, डावी-उजवीकडे मान टाकत येणारं. लाटा उठल्या तर घरी जायचं, हट्ट करायचा नाही. पाऊस पडून गेला असेल तर जिथे शेतातलं पाणी तळ्यात उतरतं त्या तोंडाशी.

आणि जुलैपासून ती हिरवी चटई. मी विचारलं, ‘‘हे कसलं गवत?’’

‘‘गवत? अरे गाढवा, उपासाला खातोस ते! शिंगाडा आहे हा. इथे हिशी म्हणतात. याच्या कडेला बघ, पान संपतं आणि काळं पाणी सुरू होतं ना, तिथून हातभर आत साहेब बसलेले असतात. रबरी बेडूक पानांवरून ओढत आण आणि भोक दिसलं की थांबव. थांबव म्हणजे थांबव!’’

मी थांबवला. पाणी फुटलं. मी घाबरून रॉड ओढला आणि बेडूक उडून माझ्याच टोपीवर येऊन बसला.

‘‘दिसला म्हणून ओढलंस! हाताला वजन लागू दे ना आधी.’’

‘‘सॉरी काका.’’

‘‘मला कसलं सॉरी? त्याला म्हण, सकाळपासून उपाशी आहे.’’

मला नियमांची भीती वाटायची. हा मासा इथला नाही, बाहेरून आणलेला आहे, जिवंत दुसरीकडे नेणं गुन्हा आहे, हे मी वाचून, लिहून, खिशात ठेवलं होतं. तुम्ही तो कागद बघून म्हणालात, ‘‘आपल्यासारखाच आहे रे बिचारा. आपल्याला निदान इथे राहायचं कार्ड तरी दिलंय.’’ मृणालला हे सांगितलं तेव्हा ती हसली, पण तिचा प्रश्न कायम होता: ‘‘पकडता आणि तिथेच सोडता? मग जाता कशाला?’’ तुमच्याबरोबर जायचो म्हणून जायचो, एवढंच होतं ते. एकदा काठावर दंडाला देखरेखवाल्यांची पट्टी बांधलेला एक माणूस सायकलवरून आला आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. माझं जपानी स्टेशन, सुपरमार्केट आणि कचरा यांच्यापुढे जात नाही. मी खिशातलं कार्ड काढायला लागलो. तुम्ही हसून दोन शब्द बोललात, तो गेला. तो काय म्हणाला, हे मी विचारलंसुद्धा नाही. तुम्ही होतात, म्हणजे झालं.

या वर्षी जूनमध्ये तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं. भेटायला फक्त घरच्यांना सोडत होते. तुम्ही फोन केलात, आवाज खोल गेला होता, पण पहिलं वाक्य काय? ‘‘पराग, पाणी आता बावीसच्या पुढे असेल. हा महिना चुकवायचा नसतो. मला येता येत नाही, तू जा. आणि मला रविवारी साडेतीनला फोन करून सांग. इथे फोनसाठी एक खोली आहे, मी तिथे येऊन बसेन.’’

एवढंच मागितलंत! उभ्या आयुष्यात माझ्याकडे कुणी एवढ्या विश्वासाने काही मागितलं नव्हतं.

त्या रविवारी मी गजर लावला होता. रॉड बांधला, पेटी दोनदा तपासली, बूट घातले. आणि दाराशी बसून राहिलो. तिथे मला कुणी काही विचारलं तर? गळ माझ्याच बोटात गेला तर? खरोखरच मासा लागला आणि सोडवता आला नाही, मेला तर? बसल्या बसल्या उजाडलं. मृणाल उठून आली.

‘‘जाणार होतास ना रे?’’

‘‘पाय दुखतोय.’’

ती माझ्या बुटांकडे बघून आत गेली.

साडेतीनला तुमचा प्रश्न आला, ‘‘काय मग, गेला होतास?’’ आणि माझ्या तोंडून ‘हो’ निघालं. ‘नाही’ म्हणायला लागणारा धीर माझ्याकडे नव्हता. मग जागा विचारलीत, वेळ विचारलीत. आणि काका, माझ्यासमोर मीच उतरवलेल्या, पुन्हा ताडायला घरी आणलेल्या तुमच्या जुन्या वह्या होत्या. मी त्याच आठवड्याची, नऊ वर्षांपूर्वीची ओळ काढली आणि वाचून दाखवली. पंपहाउसचा कोपरा. वारा नाही. पॉपर. पावणेपाचला एक, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास.

तुम्ही थोडा वेळ बोललाच नाहीत. मला वाटलं, कळ आली असेल.

‘‘पावणेपाचला?’’

‘‘हो काका.’’

‘‘पहिल्या गाडीने गेलास ना?’’

‘‘हो काका.’’

‘‘रविवारची रिकामी असते नाही ती?’’

‘‘हो, रिकामीच होती.’’

‘‘वा! पावणेपाच म्हणजे छान वेळ. आणि पॉपर पडल्यावर पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत थांबलास?’’

‘‘थांबलो.’’

‘‘शाबास.’’

ही शाबासकी मी कशी घेतली? आणि घेऊन पुढच्या रविवारी परत उभा कसा राहिलो? पुढच्या रविवारी तर मी आणखी नीट तयारी केली. फोनमागे पाण्याचा आवाज यावा म्हणून निशी-कसाईतल्या, घराजवळच्या छोट्या नदीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. सिकाडा किडे ओरडत होते, तेही उपयोगी पडले. तुम्हाला सांगितलं, परत येताना थांबलोय. मी चुका होऊ देत नाही, काका. वर्ष बदलून घेत होतो. एकदा सहा वर्षांपूर्वीचं, एकदा अकरा. चोराने मालकाच्याच परड्यातले आंबे तोडून त्यालाच पेटी भेट द्यावी, तसं मी करत होतो. तुमच्याच सकाळी तुम्हाला माझ्या म्हणून वाढत होतो.

आणि तुम्ही केवढे रंगून जायचात! ‘‘बेडूक होता? पान ओलं होतं का? आवाज कसा आला, फटकन की चोखल्यासारखा?’’ मी म्हणायचो, चोखल्यासारखा. तुम्ही म्हणायचात, ‘‘म्हणजे मोठा होता. मोठे आवाज करत नाहीत.’’ एकदाही फोटो मागितला नाहीत. दुसऱ्या कुणी मासा सांगितला की तुमचं ठरलेलं असायचं, ‘फोटो नाही तर मासा नाही’. मला मात्र कधी नाही. हेही मला तेव्हा कळू नये?

सहाव्या रविवारी मला राहवेना. मी म्हणालो, ‘‘काका, एक बोलायचं होतं.’’

‘‘बोल की. अरे, थांब थांब, नर्स आली ताप बघायला. पुढच्या रविवारी बोलू. आणि ऐक, पुढच्या रविवारी आभाळ भरलेलं असणार आहे, दिवसभर बघ पाण्यावर.’’

मी ठरवलं, आता खोटं बोलायचं नाही. आणि खरं बोलायला जमेना. म्हणून सातव्या रविवारी मी फोनच केला नाही. मनाशी म्हणत होतो, पुढच्या रविवारी खरोखर जाईन आणि काठावरून फोन करीन. साडेतीन वाजले, चार वाजले. मृणालने विचारलं, ‘‘काकांना फोन केलास?’’ मी म्हणालो, करतो. फोन उपडा करून ठेवला. मला वाटत होतं, मी आज पहिल्यांदा प्रामाणिक वागतोय!

बुधवारी सकाळी मुग्धाताईचा फोन आला. ‘‘पराग-कुन, बाबा गेले.’’

त्यानंतरचं सगळं तुमच्याशिवायचं आहे. ते लिहीत नाही.

आजचं लिहितो. आज बूट घातल्यावर मी बसलो नाही. मृणाल दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘‘जा. कोण खाणार आहे तुला?’’ मी निघालो. स्टेशनवर पोचलो तर कुलूप लावल्यासारखी शांतता. वेळापत्रकापुढे उभा राहिलो. पहिली गाडी पाच वाजून गेल्यावर. मी बोटाने मोजलं, पुढे गाडी बदलायची, मग पायी अर्धा तास. काहीही केलं तरी तळ्याच्या काठी साडेसहाच्या आत पोचता येत नाही. पुन्हा मोजलं. तसंच.

पावणेपाच, काका! मी तुम्हाला पावणेपाचचा मासा सांगितला होता. पहिल्या गाडीने जाऊन! त्या वेळी ती गाडी सुटलीसुद्धा नव्हती. तुमच्या ओळींतल्या वेळा तुमच्या गाडीतून गेलेल्या माणसाच्या होत्या. मी वारा तपासला, तापमान तपासलं, वर्ष बदललं, आणि हे एक पाहिलं नाही. तुम्ही तीस वर्षं या गाड्यांनी फिरलात. तुम्हाला पहिल्याच रविवारी, पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. म्हणून ते गप्प राहणं. म्हणून ‘पहिल्या गाडीने गेलास ना’. तुम्ही दार उघडून दिलंत आणि मी ते स्वतःच्या हाताने लावून घेतलं, ‘हो, रिकामीच होती’ म्हणून!

फलाटावर आलो. वाटलं, परत जावं. मग वाटलं, आता परत गेलो तर मला माणसांत गणू नये.

गाडी खरंच जवळजवळ रिकामी होती, काका. माझ्याखेरीज एक आजोबा आणि सात-आठ झोपलेली कॉलेजची मुलं. हे आज मला माहीत झालं.

काठावर पोचलो. शिंगाडा पिवळा पडून बसला होता, अर्ध्यावर पाणी मोकळं झालं होतं. मी दोन तास ल्यूर टाकत होतो. आणि दंडाला पट्टी बांधलेला तसाच एक माणूस सायकलवरून आला, कदाचित तोच. थांबला. मला विचारलं, आणि आज मी पळून न जाता नीट ऐकलं. तो म्हणाला, ‘‘त्सुरेमास का?’’ मासे लागतात का? एवढंच! एवढं साधं विचारलं होतं त्याने! मी म्हणालो, नाही. तो हसला, ओढ्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं, आणि गेला. या एका वाक्याच्या भीतीने मी तुमचे सहा रविवार खाल्ले.

मग मी ओढ्याच्या तोंडाशीही टाकून पाहिलं, आणि काठावर बसून वही उघडली.

जूनपर्यंत तुमच्या ओळी होत्या. मग तो पहिला रविवार. मी डोळे मिटूनच पान उलटलं. तुम्ही लिहिलं होतं: ‘वेळ: दुपारी साडेतीन. जागा: चौथा मजला, फोनची खोली. वारा: खिडकी बंद. पाणी: ग्लासातलं, गार. ल्यूर: काही नाही. निकाल: परागचा फोन. वीस मिनिटं.’

मासा नाही. पावणेपाच नाही. पंपहाउस नाही. सहाही रविवार तसेच. माझं एकही खोटं तुम्ही वहीत घेतलं नाहीत. जे तुमच्यासमोर घडलं, तेवढंच लिहिलंत. मी इतका वेळ ते वाचत होतो की दोरी वाऱ्याने झुडपात जाऊन अडकली.

सहाव्या रविवारी पुढे एक जास्तीची ओळ होती. ‘आज सांगणार होता. मीच थांबवलं. सांगून टाकलं तर पुढच्या रविवारी काय ऐकणार?’

काका, हे तुम्ही बरोबर केलं नाहीत. रागावू नका, पण बोलतो. नर्स आलीच नव्हती, हो ना? तुम्ही मला बोलू द्यायला हवं होतं. मी रडलो असतो, तुम्ही मला गाढव म्हणाला असता, आणि मी पुढच्या रविवारी, आळशासारखा साडेसहाला का होईना, जाऊन उभा राहिलो असतो. तुम्हाला एक तरी खरी सकाळ मिळाली असती. नाहीतर तुमच्याच वहीतली सकाळ मी तुमची म्हणून वाचली असती. ‘काका, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही इथे होतात’ असं म्हणून. तेही तुम्हाला आवडलं असतं, नाही? मग खोटं कशाला लागलं आपल्याला?

पण हे मी तुमच्यावर ढकलतोय. खोटं माझं होतं.

आणि त्यानंतरची ओळ. सातवा रविवार. अक्षर खाली उतरलेलं, रेघेवरून घसरलेलं. ‘वेळ: साडेतीन ते पाच. जागा: तीच. निकाल: काही नाही.’

तुम्ही दीड तास त्या खोलीत बसलात. पोटाच्या त्या दुखण्यात. बाहेर आभाळ भरलेलं होतं. मी त्या वेळी घरात होतो, फोन उपडा करून, स्वतःला प्रामाणिक समजत! सहा रविवारांच्या खोट्याची माफी मी कशीबशी मागू शकेन. या एका ओळीची कशी मागू?

मागत नाही. मागून ती पुसली जाणार नाही आणि तुम्ही ओळी पुसू देत नव्हतात.

त्याखाली मी आज काठ सोडायच्या आधी, तिथेच बसून, पेनाने लिहिलं: ‘वेळ: सहा चाळीस ते आठ पन्नास. जागा: शिंगाड्याची कड, नंतर ओढ्याचं तोंड. वारा: ईशान्येचा, मंद. पाणी: एकोणीस. ल्यूर: लांबट, मग पॉपर. निकाल: एक उठला. मी लवकर ओढलं. गेला.’

मग त्या सहा रविवारांच्या ओळींपुढे समासात, बारीक अक्षरात, सहा वेळा लिहिलं: ‘पराग गेला नव्हता.’ खाली माझी सही. तुमच्या वहीत तुम्हाला न विचारता लिहिलं. पण ते खरं आहे, म्हणून तुम्ही चालवून घ्याल असं वाटतं.

आता वचन देतो, आणि या वेळी देताना मला भीती वाटतेय, म्हणजे बहुधा खरं असेल. पुढच्या रविवारी दुपारी मी मुग्धाताईला फोन करणार. तिने विचारलं होतं, तू बाबांना काय सांगायचास, आणि मी तिला अर्धंच उत्तर दिलं. आधी सहा रविवारांचं सांगीन. मग सातव्याचं. ती चिडेल, चिडायलाच हवं. तिने फोन ठेवला तर त्याच्या पुढच्या रविवारी परत करीन, आणि त्याच्या पुढच्याही, साडेतीनला. एक दिवस ती ऐकेल. तेव्हा मी तुमच्या पहिल्या वहीची पहिली ओळ तिला वाचून दाखवीन, आणि सुरुवातीलाच सांगीन की ही सकाळ तुझ्या बाबांची आहे, मी तिथे नव्हतो.

तुमचा,
पराग